भीती मोजणारे माझे साडू

अख्ख्या खानदेशात भीतीवर मनापासून प्रेम करणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. साडू या नात्याला आपल्याकडे तसं फार वजन नाही. दोन बहिणींचे दोन नवरे, कार्यप्रसंगी शेजारी शेजारी बसायचं आणि सासुरवाडीच्या वरणात मीठ कमी पडलंय यावर डोळ्यांनी एकमत करायचं, एवढंच साडूंचं काम. माझ्या साखरपुड्याच्या दिवशी हे गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले तेव्हा मला वाटलं, नोकरी कुठे, घर कुठे, असं काहीतरी विचारतील. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "तुम्हाला भीती कशाची वाटते?" बायकोकडच्या मंडळींविषयी सावध करताहेत असं समजून मी म्हटलं, "अजून तरी कशाचीच नाही." त्यांचा चेहरा एकदम पडला. "असं कसं? नीट आठवा. पाल? उंची? इंजेक्शन?" शेवटी विहिरीत वाकून बघायला मला भीती वाटते एवढं मी कबूल केलं, तेव्हा कुठे ते खुलले. खिशातून छोटीशी वही काढून त्यांनी 'विहीर' असं लिहिलं, पुढे माझं नाव लिहिलं आणि "बरं झालं भेट झाली, जेवून जा हं," असं मला माझ्याच साखरपुड्यात सांगून ते उठले.

ते धुळ्याला देवपुरात राहतात आणि तिथल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवतात. कुठलं औषध शरीरात जाऊन काय करतं, हा त्यांचा विषय, आणि त्यातही अकारण वाटणारी भीती, तिचं शरीरात कुठे काय चालतं आणि तिच्यावर नवीन काय उपाय सापडेल, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या वहीत आमचं सगळं गणगोत आहे. पोलिसात असलेले आमचे मेहुणे झुरळाला भितात, ही गोष्ट त्यांच्या खात्याला माहीत नाही, पण साडूंच्या वहीत आहे. माझी बायको लिफ्टला भिते. फक्त धरणगावला राहणाऱ्या आमच्या सासूबाईंच्या, म्हणजे अक्कांच्या नावापुढची जागा इतकी वर्षं कोरी आहे. दर भेटीत ते आशेने विचारतात आणि अक्का दर वेळी कपाळाला हात लावतात.

आधी ते उंदरांवर प्रयोग करायचे. पण भीती कमी झाली का हे पाहायचं तर आधी उंदराला घाबरवावं लागतं, आणि तिथेच त्यांचं अडायचं. घाबरलेला उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसला की हेही दिवसभर जेवायचे नाहीत. मग त्यांनी मासे आणले. बोटाच्या पेराएवढे, अंगावर नाकापासून शेपटीपर्यंत सरळ निळे पट्टे असलेले झेब्रा मासे. यांची परीक्षा फार सोपी असते, असं त्यांनी मला समजावलं. मासा नव्या काचेच्या पेटीत सोडला की घाबरून सरळ तळाला जातो. धीर आला की हळूहळू वर येतो. सहा मिनिटं पाहत बसायचं आणि तो तळाला किती वेळ राहिला, वर किती वेळ आला, ते लिहायचं. "बास? एवढंच?" मी विचारलं. "माणसाचं तरी वेगळं काय असतं साडूभाऊ?" ते म्हणाले. "फक्त आपली पेटी मोठी."

या माशांनी त्यांची चालचलणूक पार बदलून टाकली. पेटीवर सावली पडली की मासे दचकतात, म्हणून त्या खोलीत ते पाण्याखालून चालल्यासारखे चालायचे. होता होता ते बाहेरही तसेच चालू लागले. एकदम हात वर करायचा नाही, खुर्ची ओढायची नाही, उचलायची. शिंक आली तर अंगणात जायचं. पंगतीत त्यांना वाढायला लावलं तर पहिल्या पानावर भात पडेपर्यंत शेवटचं पान भरीत संपवून बसलेलं असायचं. एकदा आग्रा रोडवर मी त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडत होतो. ते आपल्या माशांच्या चालीने निघाले, आणि दोन्ही बाजूंचे ट्रक, रिक्षा, मोटारसायकली चक्क थांबल्या. एका ट्रकवाल्याने तर हॉर्नवरचा हात काढून नमस्कार केला. त्याला वाटलं असावं, कुणाच्या तरी अंत्ययात्रेच्या पुढे चाललेत.

बुद्धपौर्णिमेला आम्ही दोन्ही जावई सहकुटुंब धरणगावला जमतो. तेव्हा उन्हाळी वाळवणं चालू असतात आणि अक्कांचे बिबडे म्हणजे गल्लीतला सोहळा. ज्वारी तीन दिवस पाण्यात आंबवायची, मग दळून, मसाला घालून तिचा घाट, म्हणजे घट्टसर लापशी, शिजवायचा आणि ओल्या कापडावर थापून उन्हात वाळवायचा. चार वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी त्या आंबलेल्या ज्वारीच्या मडक्याशी माझे साडू मांडी घालून बसलेले दिसले. वास घेत होते आणि हसत होते. मग त्यांनी पिशवीतून झाकणाच्या चार छोट्या बाटल्या काढल्या आणि त्यात ते आंबट पाणी भरायला लागले. अक्का हातात उलथनं घेऊन आल्या.

"जवाई, हाई काय करी राह्यनात?"

साडूंनी समजावलं. पोटात जंतू असतात, त्यातले काही चांगले असतात, पोट आणि मेंदू यांचं आपसात बोलणं चालू असतं आणि हे जंतू त्या बोलण्यात भाग घेतात. जगात ठिकठिकाणी लोक दही, लोणची, आंबवलेल्या भाज्या यांतले जंतू तपासताहेत, कुणाची भीती त्याने कमी होते का पाहताहेत. मग आपल्या ज्वारीतले का नकोत? अक्कांनी एवढ्या सगळ्या व्याख्यानातला एकच शब्द उचलला.

"मना हातना बिबडा बठ्ठा गाव खास, आनि तुम्ही म्हनतस मना मडकामां जंतू शेतस?"

सगळा गाव आपल्या हातचं खातो आणि आपल्याच मडक्यात जंतू, या रागाने दिवसभर त्यांनी जावयाशी बोलणं टाकलं. संध्याकाळी साडूंनी शांतपणे सांगितलं की हे जंतू दुसऱ्या कुणाच्या मडक्यात असतीलच असं नाही, तेव्हा मात्र त्या जरा फुलल्या, आणि निघताना त्यांनी स्वतः एक पाचवी बाटली भरून दिली.

त्या बाटल्यांमधून साडूंनी एक जंतू वेगळा काढला, वाढवला आणि माशांच्या खाण्यात मिसळला. पहिल्याच छोट्या प्रयोगात मासे वर आले. ज्यांना जंतू दिला होता ते मासे नव्या पेटीत लवकर वर यायचे, बाकीचे तळाला बसून राहायचे. साडूंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, म्हणजे इतरांच्या साध्या बोलण्याएवढा. त्यांनी कुणाला तरी सांगितलं, त्याने कुणाला तरी सांगितलं, आणि एका स्थानिक वर्तमानपत्रात त्यांचा फोटो छापून आला. वर मथळा, 'आता बिबड्याने पळणार भीती!' कॉलेजच्या प्राचार्यांनी ते कात्रण दारातल्या फलकावर लावलं. अक्कांनी ते फ्रेम केलं. साडू मात्र फ्रेम पाहून कसनुसे झाले. "अजून काही झालेलं नाही हो," ते म्हणत राहिले. "बारा मासे आहेत फक्त. बारा माशांवरून काय कळतं?" पण त्यांचं तेव्हा कुणी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

कारण त्याच पावसाळ्यानंतर मी स्वतः तळाला गेलो.

मी जळगावला एका पाइपच्या कारखान्यात माल पाठवण्याच्या विभागात आहे. कामासाठी धुळ्याला जाणं नेहमीचंच. त्या दिवशी सकाळची बस होती, खिडकीजवळ जागा मिळाली होती, कसलीही काळजी नव्हती. पारोळा मागे पडलं आणि एकाएकी माझं काळीज इतक्या जोरात उडायला लागलं की शर्ट हलताना दिसत होता. हात बधिर, तोंड कोरडं, श्वास घशातच अडलेला. आपण आता मरतो, हे मला इतकं स्पष्ट कळलं की मी बायकोचा नंबर लावायलाही घेतला नाही. "थांबवा, थांबवा," एवढंच ओरडलो. कंडक्टरने बस थांबवली. मी कपाशीच्या एका शेताच्या बांधावर बसलो. एका बाईंनी पाणी दिलं, एक आजोबा पाठीवरून हात फिरवत राहिले. अर्ध्या तासाने मी ठणठणीत होतो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय उत्तम. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." पुढच्या महिन्यात हेच कारखान्याच्या जेवणघरात झालं, मग भाजीबाजारात. मग ते होईल की काय, याचीच भीती बसली. बस सोडली. मोटारसायकल सोडली. धुळ्याची कामं दुसऱ्यावर ढकलली. वर्ष संपेपर्यंत घर ते कारखाना, कारखाना ते घर, आणि तेही बायको स्कूटरवरून सोडायला येणार तेव्हा. साहेब म्हणाले, धुळ्याला जाता येत नसेल तर तुमची जागा मला दुसऱ्याला द्यावी लागेल. ते रागाने म्हणाले नव्हते, म्हणून तर ते जास्त लागलं. पन्नाशीला आलेला, सहा फुटी माणूस मी. शेजारी विचारायचे, "तब्येत बरी ना?" आणि मी काय सांगणार?

मला एकच उपाय दिसत होता. मी साडूंना फोन केला आणि म्हटलं, "भाऊ, ते तुमचं ज्वारीचं औषध मला पाठवा."

पलीकडून ते म्हणाले, "नाही."

"का नाही?"

"ते औषध नाही. मासा वर आला म्हणजे माणूस वर येतो असं नाही साडूभाऊ. तुमच्यावर मी प्रयोग करणार नाही."

मी चिडलो. माझी बायको चिडली, तिने बहिणीला फोन करून रडून घेतलं. अक्का तर भडकल्याच. मडकं त्यांचं, जावई त्यांचे, आणि हा मधला माणूस नाही म्हणणारा कोण? त्यांनी थेट एस.टी.ने येऊन आंबट ज्वारीच्या पाण्याची बरणी माझ्या स्वयंपाकघरात ठेवली. मी रोज सकाळी एक पेला पाणी डोळे मिटून प्यायलो. आठ दिवसांत माझी भीती होती तिथेच राहिली, फक्त मी कारखान्यापर्यंतही जाऊ शकेना, आणि त्याचं कारण अगदी वेगळं होतं. साडूंना हे कळलं तेव्हा ते पहिल्या गाडीने जळगावला आले. दारातच वही काढून विचारायला लागले, किती पेले, रिकाम्या पोटी का, दिवसातून किती वेळा जावं लागलं. सगळं लिहून घेतलं. मग त्या पानाकडे पाहत राहिले, पान फाडलं आणि खिशात घातलं. "एका माणसावरून काही ठरत नाही," ते म्हणाले. "चपला घाला. मी वेळ घेऊन ठेवलीय."

त्यांनी मला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी तासभर ऐकून घेतलं आणि सांगितलं की याला पॅनिकचा आजार म्हणतात, यात माणूस मरत नाही, वेडा होत नाही, आणि यातून बरेच जण बरे होतात. दारात चोर नसताना कुत्रं भुंकत राहावं, तसं शरीर भुंकतंय, म्हणाल्या. रोज घ्यायची एक गोळी दिली. ती काही नव्या शोधातली नव्हती, बरीच वर्षं वापरात असलेली होती. आणि सांगितलं की ज्याची भीती वाटते ते टाळायचं नाही, थोडं थोडं, पायरी पायरीने करायचं. बरोबर कुणी असेल तर सुरुवातीला चालेल. साडू कोपऱ्यात बसून हे ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "दर रविवारी मी येतो."

आणि ते आले. धुळ्याहून सकाळची गाडी धरून जळगावला यायचे, आणि मला घेऊन त्याच रस्त्याने उलट निघायचे. पहिल्या रविवारी फक्त पाळधीपर्यंत. बसमध्ये ते मला धीर देत नसत, 'घाबरू नका' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी आले नाहीत. अधूनमधून ते फक्त विचारायचे, "दहापैकी किती?" मी म्हणायचो, "नऊ." ते वहीत नऊ लिहायचे. थोड्या वेळाने, "आता?" "आठ." "लिहिलं." माझं मरण असं आकड्यात उतरताना पाहून एकदा मला हसू आलं, तर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "हसताना किती होती?" पाळधीला उतरून आम्ही चहा घेतला आणि परत फिरलो. तिसऱ्या रविवारी एरंडोल. तिथे मला जोराचा झटका आला, मी दाराकडे धावलो. ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त आपल्या त्या संथ चालीने मागून आले, दांडा धरून माझ्याशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "उतरायचं तर उतरू. पण दोन मिनिटं थांबून बघू का?" आम्ही थांबलो. दोन मिनिटांत ते ओसरलं. ओसरतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा अंगाने कळलं.

एरंडोलच्या पुढे जायला लागलो तेव्हा एकदा मीच विचारलं, "भाऊ, तुम्हाला हा विषय लागला कुठून?"

ते खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "आई." साक्रीकडचं गाव त्यांचं. त्यांच्या आईला बाजारात असंच व्हायला लागलं, मग विहिरीवर, मग उंबऱ्याशी. आम्हा बौद्धांत असलं काही करत नाहीत, तरी कुणीतरी चोरून दंडाला गंडा बांधला. सासरच्यांनी कामचुकार ठरवलं, माहेरच्यांनी नाटकी. "मीसुद्धा," ते म्हणाले. "मी दहावीला होतो. बक्षीस समारंभाला आली नाही म्हणून मी तिला म्हटलं, तुला यायचंच नव्हतं. ती म्हणाली, माझे पाय उचलत नाहीत रे. मी हसलो." मग त्यांनी वही मिटून खिशात घातली. "अकरा वर्षं ती घराबाहेर पडली नाही. आपल्याला काहीतरी झालंय हे तिला कधी कळलंच नाही. आपणच वाईट आहोत असं समजूनच ती वारली." त्या दिवशी त्यांनी मला आकडा विचारला नाही.

इकडे त्यांचा मोठा प्रयोग चालू होता. या वेळी त्यांनी स्वतःवरच पहारा बसवला होता. कुठल्या पेटीतल्या माशांना जंतू आणि कुणाला नुसतं साधं खाणं, हे त्यांना माहीत नव्हतं. कॉलेजातल्या एका मॅडमनी पेट्यांना खुणा घातल्या होत्या आणि यादी पाकिटात बंद केली होती. साडू फक्त मोजायचे. महिनेच्या महिने, मासा तळाला किती, वर किती. प्राचार्य रोज विचारायचे, "झालं का सिद्ध?" मोठा कार्यक्रम ठरला होता, पाहुणे बोलावले होते.

ज्या रविवारी मी पारोळा ओलांडलं, त्याच रविवारी ते पाकीट उघडायचं होतं. कपाशीचं ते शेत आलं तेव्हा मी समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली. "किती?" "नऊ." "आता?" "नऊच." "आता?" मी वळून पाहिलं. शेत मागे गेलं होतं. धुळ्याच्या स्टँडवर मी उतरलो तेव्हा माझा शर्ट घामाने भिजला होता आणि मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. साडूंनी माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, दोन्ही हात एकदम वर करून टाळी वाजवली. स्टँडवरची कबुतरं उडाली.

तिथून आम्ही कॉलेजात गेलो. मॅडम पाकीट घेऊन आल्या. साडूंनी यादी समोर ठेवली, आपले आकडे मांडले, बेरजा केल्या. पुन्हा केल्या. मी बाहेर बाकावर बसून काचेतून पाहत होतो. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, अगदी हळू, आवाज न करता. जंतू दिलेले मासे आणि न दिलेले मासे यांच्यात काडीचा फरक नव्हता.

"मग पहिल्या वेळी कसे आले वर?" मी विचारलं.

ते पेट्यांपाशी गेले. "पहिल्या वेळी जंतूचं खाणं मी स्वतः द्यायचो," ते म्हणाले. "रोज सकाळी, त्यांच्याजवळ बसून. बाकीच्यांना शिपाई घाईघाईने टाकून जायचा. ते मासे मला सरावले असतील. धीर त्यांना जंतूने आला नसेल, शेजारी कुणीतरी शांत बसल्यामुळे आला असेल." मग लगेच बोट वर करून, "पण हा फक्त अंदाज आहे हं. हे काही सिद्ध झालेलं नाही."

मी नुकताच त्या माणसाशेजारी बसून पारोळा ओलांडून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सुचवलं की पहिल्या प्रयोगाचंच बोलावं, दुसरा सवडीने पाहू. साडूंनी मान डोलावली, आणि कार्यक्रमात उभं राहून, पाहुण्यांसमोर, आपल्या त्या न ऐकू येणाऱ्या आवाजात सांगितलं की हा उपाय लागू पडला नाही. का पडला नाही तेही फळ्यावर लिहून दाखवलं. टाळ्या वाजल्या नाहीत. फलकावरचं कात्रण त्यांनी स्वतः काढलं. पण खरी धास्ती त्यांना धरणगावची होती. मला म्हणाले, "तुम्ही बरोबर चला." तेव्हा मीच त्यांच्याशेजारी बसमध्ये बसलो आणि विचारलं, "दहापैकी किती?" ते म्हणाले, "साडेनऊ."

अक्का अंगणात ज्वारी पाखडत होत्या. साडूंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. अक्कांनी सूप खाली ठेवलं. आधी म्हणाल्या, "मासासले काय समजस बिबडानं?" आणि मग त्यांचा उतरलेला चेहरा पाहून त्या उठल्या, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "खरं सांगं ना तुम्ही? मंग बेस व्हयनं." आत जाऊन त्यांनी फ्रेम उतरवली, कात्रण काढलं आणि त्या फ्रेममध्ये आम्हा दोन जावयांचा फोटो लावला. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत, पण ते असो.

मी आता एकटा धुळ्याला जातो. गोळी अजून चालू आहे, डॉक्टरबाई म्हणतात हळूहळू कमी करू. कधीमधी कुत्रं भुंकतं, मी भुंकू देतो. साडू या वर्षी निवृत्त होताहेत. माशांच्या खोलीत कॉम्प्युटर बसवायचं ठरलं आहे. त्यांनी आता दुसराच एक जंतू धरलाय, उरलेल्या महिन्यांत तो तपासून होणार नाही हे त्यांनाही ठाऊक आहे, तरी रोज सकाळी जाऊन बसतात. आणि ती वर्तमानपत्रातली बातमी मात्र काही केल्या मरत नाही. कुणाच्या तरी मोबाइलवरून कुणाच्या तरी मोबाइलवर ती अजून फिरते, आणि चोपड्याहून, जामनेरहून लोक ज्वारीचं औषध मागायला येतात.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा पहूरहून एक बाई आल्या होत्या, बरोबर सतरा-अठरा वर्षांची मुलगी. मुलीने कॉलेज सोडलं होतं. वर्गात छाती भरून यायची, आणि घरात सगळे म्हणत होते की अभ्यास नको म्हणून सोंग करते. साडूंनी त्यांना नीट बसवलं आणि औषध नाही हे सांगितलं. बाईंचा चेहरा विझला. एवढ्या लांबून आल्या होत्या. मग साडूंनी मुलीला विचारलं, कसं होतं, कुठून सुरू होतं. ती आधी बोलेना. ते थांबले, थांबणं त्यांना जमतं. ती बोलायला लागली तेव्हा तासभर बोलली. त्यांनी जळगावच्या डॉक्टरबाईंचं नाव आणि पत्ता लिहून दिला. मुलगी उठली नाही. खाली पाहत म्हणाली, "सर, दुसरं पण काही लिहून द्याल का? घरी दाखवायला."

त्यांनी वहीतलं एक कोरं पान काढलं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हिला जे होतं ते खरं आहे. ही सोंग करत नाही.' खाली सही केली. मुलीने तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि मुठीत धरला.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "भाऊ, वहिनींना चहा टाकायला सांगू?"

ते खिडकीशी उभे होते. बाहेर रस्त्यावर दुपारची वर्दळ होती. फाटकाबाहेर मुलगी कडेला थांबली होती, एका हाताने आईचा दंड धरून. रिक्षा पलीकडच्या बाजूला उभी होती.

"थांबा जरा," ते म्हणाले. "ती ओलांडू दे."

आम्ही दोघं पाहत राहिलो. एक ट्रक गेला, एक टेम्पो गेला. मुलीने पाऊल टाकलं, मागे घेतलं. साडूंचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग तिने आईचा दंड सोडला आणि ती चालायला लागली. मधल्या दुभाजकापाशी क्षणभर थांबली, आणि पुढे गेली. रिक्षात बसली.

"सांगा आता चहा," साडू म्हणाले, पण खिडकीपासून मात्र हलले नाहीत.